मोक्याच्या जागा

अमेरिकेच्या नैर्ऋत्येचं वाळवंट मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून पाहिलं, पण बरंचसं पाळीपाळीने. तो टेकडी चढून यायचा तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये पट्टा धरून उभी. मी जायचे तेव्हा पट्टा त्याच्या हातात. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोक्या.

मोक्या म्हणजे काळाभोर लॅब्रॅडॉर, बत्तीस किलो, मूळचा आमच्या लेकीचा. तिने हट्ट करून आणला, लाडाने वाढवला आणि हॉस्टेलात कुत्रा चालत नाही म्हणून आमच्या पदरात टाकून कॉलेजला निघून गेली. जाताना फ्रिजवर त्याच्या जेवणाच्या वेळा चिकटवून गेली. माझ्या बीपीच्या गोळ्यांचा कागद त्यापायी खाली सरकलाय, तो वाचायला वाकावं लागतं.

मार्च महिन्यात नवऱ्याच्या डोक्यात मोटरहोम शिरलं. "हॉटेलवाले कुत्रा घेत नाहीत, घेतला तर जास्तीचे पैसे लावतात. त्यापेक्षा आपण घरच बरोबर नेऊ. तुला काही म्हणजे काही करायचं नाही." हे शेवटचं वाक्य तो बोलला की मी आधी ओढणी कमरेला खोचते, इतकी सवय झाली आहे.

लॉस एंजेलिसहून निघायचं, जोशुआ ट्रीचं राष्ट्रीय उद्यान बघून ॲरिझोना ओलांडून न्यू मेक्सिकोत जायचं, तिथून वर वळून ग्रँड कॅन्यन आणि परत, असा बेत होता. गाडी भाड्याची, २५ फुटी. पुण्यातले बिल्डर ज्याला 'प्रशस्त वन आरके' म्हणतात तेवढी जागा, खाली सहा चाकं, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग आणि पेट्रोलची भूक अशी की लिटरला चार किलोमीटर गेली तरी नवरा मला अभिमानाने सांगायचा. हायवेच्या पहिल्याच वळणावर वरचं कपाट उघडलं आणि गोडा मसाल्याची बरणी मोक्याच्या शेजारी येऊन पडली. बरणी शाबूत होती. मोक्या मात्र पुढचे शंभर मैल त्या कपाटाकडे एकटक बघत बसला. रखवालीसाठी नाही. आणखी काय पडतंय या आशेने.

या गाडीची एक भिंत बटण दाबलं की बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. मोक्याला हे मंजूर नव्हतं. भिंतीने भिंतीसारखं एका जागी उभं राहावं, असं त्याचं मत. रोज संध्याकाळी नवरा बटण दाबायचा, भिंत कुरकुरत निघायची आणि मोक्या तिच्यावर असा भुंकायचा की आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसायचे. त्याआधी गाडी समपातळीत आणावी लागते, नाहीतर फ्रिज नीट चालत नाही आणि झोपेत रक्त डोक्यात उतरतं. नवरा सिव्हिल इंजिनिअर. त्याने मोबाइलवर पातळी मोजायचं ॲप घेतलं होतं. मी मोक्याचा चेंडू जमिनीवर ठेवायचे. चेंडू जिकडे जाईल तिकडच्या चाकाखाली फळी. ॲप तिसऱ्या संध्याकाळनंतर कोणी उघडलं नाही.

जोशुआ ट्रीला पोचल्यावर कळलं की राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला प्रवेश असतो, म्हणजे गेटातून आत सोडतात. पुढे त्याने रस्त्यावर, पार्किंगमध्ये आणि कॅम्पग्राउंडवर सहा फुटी पट्ट्यात राहायचं. पायवाटा जवळपास सगळ्या बंद. त्यामागे कारणं आहेत: कुत्र्याच्या वासाने जंगली जनावरं बिथरतात, रोगराईची देवाणघेवाण होते, वगैरे. सगळं पटतं. पण पटून पट्टा कोण धरणार? मोक्याला गाडीत एकटं ठेवावं तर वाळवंटातल्या दुपारी बंद गाडीची भट्टी होते. एसी लावायचा तर जनरेटर हवा, आणि उद्यानांतल्या कॅम्पग्राउंडवर जनरेटर ठरावीक तासांतच चालवू देतात. म्हणून पाळ्या. नवरा खडकांवर जाऊन यायचा आणि "तू बघच, शब्दांत सांगता येत नाही" म्हणायचा. एरवीही त्याला शब्दांत काही सांगता येत नाही, हा भाग वेगळा. मी जाऊन यायचे आणि वीस मिनिटं वर्णन करायचे. ते बहुतेक मोक्या ऐकायचा.

कॅलिफोर्निया ओलांडून ॲरिझोनात शिरलं की क्वार्ट्झसाइट नावाचं गाव लागतं. उन्हाळ्यात ओसाड. हिवाळ्यात उत्तरेच्या बर्फाला कंटाळलेले पेन्शनर आपापली मोटरहोमं घेऊन इथे येतात आणि सरकारी मोकळ्या जमिनीवर वस्ती करतात. गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ती कबर हाजी अलीची. सैनिकांना ते नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी त्याचं 'हाय जॉली' केलं. १८५०च्या दशकात अमेरिकी सैन्याने नैर्ऋत्येत सामान वाहायला उंट आणले होते, तेव्हा त्यांना हाकायला तो आला. उंटांनी काम चोख केलं म्हणतात, पण त्यांना बघून घोडे आणि खेचरं उधळायची. पुढे यादवी युद्ध आलं आणि योजना बारगळली. वाळवंटात जनावर घेऊन फिरण्याचा पूर्वानुभव असलेला असा माणूस १९०२ मध्येच गेला. आम्हाला सल्ला द्यायला कोणी उरलं नव्हतं.

क्वार्ट्झसाइटच्या माळावर मात्र कुत्र्याला मज्जाव नाही. उंच सोट सग्वारो निवडुंग मला आवडला. सावकाश माणूस, पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं घेतो. चोया नावाचा निवडुंग त्याच्या अगदी उलट. लांबून टेडी बेअरसारखा मऊ, सोनेरी, कुरवाळावासा. त्याची पेरं नुसत्या स्पर्शाने तुटून अंगाला चिकटतात, म्हणून लोक त्याला उडी मारणारा चोया म्हणतात. मोक्याने नाक पुढे केलं, मग अर्थातच नाकावरचं काढायला पंजा वापरला, मग पंजाला लागलेलं काढायला तोंड. एकच पेर तीन ठिकाणी. काट्यांच्या टोकांना उलटी खवलं असतात, त्यामुळे आत सहज जातात आणि बाहेर येताना भांडतात. मी हात घालणार इतक्यात पलीकडच्या गाडीतल्या आजीबाई ओरडल्या, "हात नको! फणी! फणी आण!"

माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर केस राहिले त्याला काळ लोटला. तरीही त्याच्या मागच्या खिशात काळी फणी असते. मी या फणीवरून त्याला किती बोलले असेन! त्याने ती शांतपणे काढली, पेर आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली आणि एका झटक्यात पेर उडवलं. ते माझ्या चपलेवर पडलं, पण ते असो. उरलेले सुटे काटे चिमट्याने काढले. मोक्याचं डोकं मांडीवर घेऊन मी "झालं हं राजा, झालं" करत होते आणि तो प्रत्येक काट्यागणिक एक बिस्कीट वसूल करत होता. काटे संपल्यावरही त्याने दुसरा पंजा पुढे केला. फणीचा विषय आमच्या घरात आता बंद आहे.

फिनिक्सला एका मैत्रिणीकडे पाणी भरलं, तिच्या अंगणातला कढीपत्ता तोडून घेतला आणि टूसॉनजवळ मुक्काम केला. तिथे मी हरभरे उकडून ओट्यावर ठेवले होते, सकाळी उसळ करायची म्हणून. मध्यरात्री गाडीत असा कर्कश भोंगा वाजला की नवरा माळ्यावरच्या पलंगावर उठून बसला आणि छत त्याच्या डोक्याला लागलं. गॅसगळतीचा अलार्म! आम्ही गाउन आणि हाफपँट अशा पोशाखात कुत्र्याला घेऊन बाहेर. नवऱ्याने प्रोपेनची टाकी बंद केली. शेजारचे मिनेसोटाचे आजोबा टॉर्च घेऊन आले, आत जाऊन हुंगलं, बाहेर आले, मोक्यावर टॉर्च मारला आणि विचारलं, "यानं काय खाल्लंय?"

पातेलं निम्मं रिकामं होतं.

प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून तो सेन्सर जमिनीलगत बसवतात. मोक्याची गादी बरोबर त्याच्यासमोर. गॅस कोणाचा, हे त्या यंत्राला कळत नाही. आजोबा म्हणाले, मोटरहोमवाल्यांमध्ये हे नेहमीचंच, लाजू नका. नवऱ्याने सेन्सरच्या संवेदनशीलतेचं मनापासून कौतुक केलं आणि गादी उचलून माझ्या उशाशी आणून टाकली.

सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या होत्या. काळ्या टाकीत संडासाचं, राखाडी टाकीत भांडी-आंघोळीचं पाणी. काळी आधी सोडायची, राखाडी नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. घरी कमोडचं झाकण खाली करायला ज्याच्या हाताला जड जातं, तो माणूस इथे लांब रबरी हातमोजे घालून मागच्या रांगेतल्या तरुण जोडप्याला या क्रमामागचं शास्त्र समजावत होता. आतल्या पॅनेलवर टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात. आमचे दिवे टाकी ओकीबोकी असतानाही 'दोन तृतीयांश'च दाखवत. मोक्या नळीशेजारी बसून डोळे मिटून हुंगत होता. अत्तराच्या दुकानातलं गिऱ्हाईकही इतकं तल्लीन होत नाही.

न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला त्याचे दिवस पालटले. इथे पट्ट्यात का होईना, कुत्र्याला टेकड्यांवर जाऊ देतात. क्षितिजापर्यंत पांढरीशुभ्र वाळू, आणि ती वाळू नाहीच, जिप्समचा चुरा. उन्हातही पायाला गार लागतो. मोक्या त्यात लोळला, बोगदे खणले, आणि जे बाहेर आलं ते पांढरं कुत्रं होतं. मला घाम फुटला. आपल्याकडच्या पीओपीच्या मूर्ती याच जिप्समपासून करतात. याला आता पाण्याने धुतलं आणि हा जागच्या जागी घट्ट बसला तर?

"अगं, जिप्सम आधी दीडशे डिग्रीला भाजावं लागतं, मग त्याचं प्लास्टर होतं," नवरा म्हणाला. "कुत्र्याला भाजल्याशिवाय मूर्ती होणार नाही." विज्ञानाने इतका दिलासा मला पूर्वी कधी दिला नव्हता.

पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये तर त्याला मानाचं पान. तिथल्या पायवाटांवर कुत्र्यांना मुक्त परवानगी, वर 'बार्क रेंजर', म्हणजे भुंकणारा वनरक्षक, म्हणून नेमणूकही करतात. घाण उचला, पट्टा ठेवा, प्राण्यांना त्रास देऊ नका, नेमून दिलेल्या जागीच फिरा, अशी शिस्त. ती सगळी मालकाने पाळायची, रेंजर मात्र कुत्रा. वीस कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष तिथे दगड होऊन पडलेत. मोक्याला दिसली फांदी. त्याने दात लावला, थांबला, पुन्हा लावला, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती फसवी फांदी तिथे ठेवली. तिथला तुकडाही उचलून नेणं गुन्हा आहे. नेलेले लोक पुढे नशीब फिरलं म्हणून माफीच्या चिठ्ठ्यांसकट दगड टपालाने परत पाठवतात, म्हणून नवऱ्याने निघताना मोक्याचा जबडा उघडून नीट तपासला.

पुढे घड्याळांचा घोळ. ॲरिझोना उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढे करणं, पाळत नाही. ॲरिझोनातली नवाहो या मूळ रहिवाशांची भूमी पाळते. नवाहो भूमीने वेढलेली होपी या दुसऱ्या जमातीची भूमी पाळत नाही. ट्यूबा सिटीला रस्त्याच्या अलीकडे नवाहो वेळ, पलीकडे मोएन्कोपीत होपी वेळ. न्यू मेक्सिकोपासून आमचे फोन एकदा पुढे, एकदा मागे उड्या मारत होते आणि दोघांचे फोन कधी एकमत नव्हते. मोक्याचं जेवण सहाला. कोणते सहा? त्याने निर्णय सोपा केला: ज्याच्या फोनमध्ये आधी वाजतील त्याचे. एकदा माझ्या फोनप्रमाणे जेवला आणि तासाभराने नवऱ्याच्या फोनप्रमाणे त्याच्यासमोर वाटी घेऊन बसला. नवऱ्याने त्याला वाढलंही.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाची उंची सुमारे २,१०० मीटर, मार्चच्या रात्री पाणी गोठवणारी. पाणी भरायची नळी गोठू नये म्हणून ती आदल्या रात्रीच काढून ठेवली. दरीत खाली उतरायला कुत्र्यांना बंदी, पण काठावरची वाट खुली. नवरा एकटाच थोडं खाली जाऊन आला.

"कसं आहे?"

"खोल आहे," तो म्हणाला.

मग तिघेही काठावर उभे राहिलो. समोर जवळजवळ दीड किलोमीटर खोल दरी. मोक्या तिच्याकडे पाठ करून खारीकडे बघत होता. एका जोडप्याला फोटो काढायची विनंती केली. त्यांनी हौसेने काढले. नंतर पाहिले तर सगळे मोक्याचे. एकात कोपऱ्यात माझी ओढणी आहे.

कॅलिफोर्नियाच्या सीमेवर नीडल्सजवळ शेतीमालाची तपासणी असते. फळं, झाडंपाला काही आहे का, विचारतात. मी कढीपत्ता काढून दिला. या पानांवरून येणारा एक बारीक किडा संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग देतो, म्हणून मनाई. अधिकारी नम्रपणे पुडी घेऊन गेला आणि येताना मोक्यासाठी बिस्कीट घेऊन आला. "तुझ्या नावाचंही मागायचं होतंस," नवरा म्हणाला.

गाडी परत करताना आम्ही कुत्र्याच्या अनामत रकमेवर पाणी सोडलं होतं. कंपनीचा पोरगा टॉर्च घेऊन गाद्यांखाली, पडद्यांमागे, कोनाकोपऱ्यांत शिरला. आम्ही रात्री बसून झाडलं होतं, एक केस सापडला नाही. अनामत पूर्ण परत. मग त्याने ओट्यापाशी वाकून बोट फिरवलं, फोटो काढला आणि बिलात सफाईचे पैसे लावले, हळदीच्या डागाचे. मोक्याने तो डाग आधी चाटून पाहिला होता, पण गेला नव्हता.