‘इन्फ्रारेड फिल्टर लावा, तपशील दुप्पट’: सहा इंची दुर्बिणीला हे लागू नाही

चंद्र-ग्रहांचे फोटो काढू लागलेल्या प्रत्येकापर्यंत एक सल्ला कधी ना कधी पोहोचतोच: “८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर घ्या. हवेची थरथर नाहीशी होते, तपशील दुप्पट मिळतो, कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो, सगळ्या ग्रहांना चालतो, भर दिवसाही चंद्र टिपता येतो.” (हा फिल्टर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तेवढा आत सोडणारी आणि दिसणारा प्रकाश अडवणारी काच.) यातलं शेवटचं विधान खरं आहे. बाकीची जशीच्या तशी खरी नाहीत, आणि त्यांवर विसंबून कॉलेजातली मुलं साठवलेले पैसे घालवतात. म्हणून हे लिहितोय.

आधी खरं ते. हवा निळा प्रकाश सर्वाधिक विखुरते, आणि हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटत जातं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या तुलनेत ८५० ला ते जवळजवळ तेरापट कमी. त्यामुळे दुपारी चार वाजता फिकुटलेला चंद्र या फिल्टरमधून काळसर आकाशावर उठून दिसतो.

“हवेची थरथर नाहीशी होते.” नाहीशी होत नाही, मंदावते. प्रकाशाची लाट जेवढ्या रुंदीत न चुरगळता आपल्यापर्यंत येते, ती रुंदी तरंगलांबीबरोबर वाढते: हिरव्या ५५० ला ५ सेंटिमीटर असेल, तर ८५० ला साधारण साडेआठ. व्हिडिओतल्या हजारो फ्रेम्समधून चांगल्या तेवढ्या निवडून स्टॅक करणाऱ्याला, म्हणजे त्या एकावर एक रचून एकच फोटो बनवणाऱ्याला, याचा उपयोग नक्की होतो. पण दिवसभर तापलेल्या स्लॅबवर दुर्बीण मांडली आणि ती निवायच्या आत रेकॉर्डिंग सुरू केलं, तर फिल्टर फारसं काही वाचवू शकत नाही. तासभर थांबायला मात्र पैसे पडत नाहीत.

“तपशील दुप्पट मिळतो.” माझा खरा आक्षेप इथे आहे. दुर्बीण किती बारीक तपशील सुटा दाखवेल, हे तरंगलांबी आणि आरशाचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरतं. तरंगलांबी वाढली की तपशील जाडाभरडा होतो. १५० मिमीच्या, म्हणजे सहा इंची आरशाची मर्यादा हिरव्या प्रकाशात ०.९२ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग; आकडा जेवढा लहान, तेवढा तपशील बारीक), तर ८५० ला १.४३. चंद्रावर याचा अर्थ १.७ किलोमीटरऐवजी २.७ किलोमीटर. प्लेटो विवराचा तळ डोळ्यांसमोर आणा. तिथली सर्वांत मोठी बारकी विवरं दोन ते अडीच किलोमीटरची, म्हणजे नेमकी या दोन आकड्यांच्या मधली. माझ्या सहा इंचीतून चांगल्या रात्री हिरव्या फिल्टरने त्यांतली तीन-चार मिळतात. ८५० लावला की तळ गुळगुळीत होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीही शार्प केलं तरी ती परत येत नाहीत. ३५६ मिमीच्या, म्हणजे चौदा इंची आरशाची गोष्ट वेगळी. त्याला ८५० लाही ०.६ आर्कसेकंद मिळतो. तिथे अडचण हवेची असते, आरशाची नसते, म्हणून त्याला हा सौदा परवडतो. चौदा इंचीतून निघालेला फोटो दाखवून सहा इंचीवाल्याला फिल्टर घ्यायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

“कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो.” डीएसएलआरच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. वर हा फिल्टर लावला की जवळजवळ अंधार. मग एक्सपोजर वाढवावं लागतं, आणि थरथर गोठवणाऱ्या झटपट फ्रेम्सचा फायदाच संपतो. ग्रहांसाठीच्या ज्या रंगीत कॅमेऱ्यात अशी काच नसते, त्यात इन्फ्रारेड तिन्ही रंगांच्या पिक्सेलमध्ये झिरपून रंग विटवतो. अशा कॅमेऱ्यासाठी पहिला फिल्टर घ्यायचा तो उलट, इन्फ्रारेड कापणारा.

सल्ल्यात नसलेली, पण सांगायलाच हवी अशी गोष्ट: ही काच काळी दिसते म्हणून ती लावून सूर्याकडे कधीही बघू नका. ती न दिसणारा प्रकाश आरपार सोडते आणि डोळा त्यानेच जळतो.

“सगळ्या ग्रहांना चालतो.” मंगळाला छान चालतो, सिर्टिस मेजरसारखे गडद प्रदेश ठसठशीत होतात, पण मंगळावरचे ढग हरवतात, ते निळ्यात दिसतात. गुरूचा लाल डाग गडद दिसतो तो निळा प्रकाश शोषून घेतो म्हणून, त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये तो फिका पडतो. शुक्राच्या ढगांची नक्षी अतिनील प्रकाशात खुलते. आणि चंद्राचा रंग? अपोलो ११ उतरलं त्या शांतीसागराची टायटॅनियममुळे आलेली निळसर झाक या फिल्टरमध्ये उरतच नाही.

आणखी एक. हा सल्ला बराचसा युरोपातल्या अनुभवावर पोसलेला आहे. २०१९ मध्ये गुरू लंडनहून क्षितिजाच्या जेमतेम १५-१६ अंश वर येत होता. इतक्या खाली हवेचा थर जाड, हवेतून येताना प्रकाशाचे रंग एकमेकांपासून फाकतात तेही जास्त, तिथे इन्फ्रारेडचा आधार वाटणारच. पुण्याहून तोच गुरू ४८-४९ अंशांवर होता. २०२६ च्या जानेवारीत तर तो मिथुन राशीत, आपल्या जवळपास डोक्यावर.

सहा-आठ इंची दुर्बीण असेल आणि हवा खरंच वाईट असेल, तर ६१० नॅनोमीटरचा साधा लाल फिल्टर वापरून बघा, नुकसान बरंच कमी होतं. ८५० घ्यायचाच असेल, तर आधी एका रात्रीपुरता कुणाकडून मागून आणा. प्लेटोवर ऊन तिरपं पडत असताना पाच मिनिटं हिरव्यातून, पाच मिनिटं त्यातून रेकॉर्ड करा, आणि तळावरची विवरं मोजा.