फोनवर फुली, इंजिन चालू

पेट्रोल पंपावर फोन वाजला की स्फोट होतो, याबद्दल आमच्या घरच्या ग्रुपमध्ये आता दुमत नाही. वेगळं म्हणणारी मी एकटी, आणि मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे माझं मत मोजायचं नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

निमित्त भाच्याचं. नागपुरात सक्करदऱ्याकडे पंपाच्या रांगेत असताना त्याला आईचा फोन आला आणि त्याने तो उचलला. पेट्रोल भरणारा मुलगा त्याच्यावर ओरडला, मागचे दोघं-तिघं ओरडले, "सगळ्यांना घेऊन मरतो का बे" इथपर्यंत गेलं. पोराने मुकाट्याने फोन ठेवला. नंबर आला, दोनशेचं पेट्रोल भरून झालं, आणि त्याच मुलाने गळ्यात लटकवलेलं क्यूआर कोडचं कार्ड पुढे केलं. भाच्याने खिशातून तोच फोन काढला, नोझलपासून हातभर अंतरावर स्कॅन केला, पैसे गेले. मागच्या गाड्यांची इंजिनं तोवर चालूच होती. हे सगळं त्याने ग्रुपवर लिहिलं, तर माझ्या भावाने त्यालाच झापलं. काकूंनी जळत्या स्कूटरचा व्हिडिओ टाकला. मी सविस्तर उत्तर लिहिलं. त्यावर भावाची एक ओळ आली: "ताई, तू तिथं बसून काहून सांगून राहिली?"

मी सांगते, कारण हे माझं रोजचं काम आहे. मी औषधांच्या कारखान्यात काम करते. तिथे पेट घेणारी सॉल्व्हंट्स एका पिंपातून दुसऱ्यात जातात. ओतायला सुरुवात करण्याआधी दोन्ही पिंपं तारेने एकमेकांना जोडायची, अर्थिंगची क्लिप लावायची, ती धातूला नीट चावली आहे का हे हाताने हलवून बघायचं. रंगावर बसलेली क्लिप काही कामाची नाही, खाली उघडा धातू लागतो. हे चुकलं तर कामावरून घरी पाठवतात, कारण ठिणगी कुठून येते हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. ती माणसाच्या अंगातून येते, प्लास्टिकमधून येते, वाहत्या द्रवातून येते.

पेट्रोलची वाफ किती सहज पेटते, याबद्दल माझा भावाशी काहीच वाद नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, त्यामुळे ती जमिनीलगत पसरते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगी पुरते, आणि ती ठिणगी एका मिलिजूलच्या पाव हिश्शाएवढी असली तरी भागतं. थंडीत स्वेटर काढून दाराच्या कडीला हात लावला की बोटाला जो चटका बसतो, त्यातली ऊर्जा सहसा याच्यापेक्षा जास्तच असते. नागपूरच्या कोरड्या डिसेंबरमध्ये वाढलेल्या माणसाला हा चटका समजावून सांगावा लागत नाही. फोनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी वाफ पेटवतात असा समज आहे. ४जी फोन जास्तीत जास्त जोर लावतो तेव्हाही तो ०.२ वॉटच्या आसपास लहरी सोडतो, आणि त्या चहूकडे पसरतात. त्यातून हवेत ठिणगी पडत नाही.

अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पेट्रोल भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यात वारंवार दिसलं ते असं: थंडीचे कोरडे दिवस, माणूस नोझल टाकीत अडकवून गाडीत जाऊन बसतो, सीटवरून घसरत पुन्हा बाहेर येतो, अंगावर विद्युतभार साठलेला असतो, आणि तोच हात थेट नोझलला लावतो. टाकीच्या तोंडाशी वाफ असतेच. फोनमुळे लागलेली आग त्यांना सापडली नाही. इंग्लंडच्या केंट विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अ‍ॅडम बर्जेस यांनी ही भीती जगभर कशी पसरली याचा अभ्यास केला, तेही याच ठिकाणी आले. शेल या तेल कंपनीच्या नावाने ई-मेल फिरली होती, फोनमुळे पंपांवर आगी लागल्या म्हणून. ती आपली नाही असं शेलने सांगितलं, तरी ती फिरतच राहिली. दर उन्हाळ्यात नागपुरात फिरणाऱ्या "टाकी फुल करू नका, स्फोट होईल" या मेसेजचं तेच. इंडियन ऑइलने जाहीरपणे खोडून काढला, तरी मे महिना आला की काकू तो पाठवतात. काकूंना आमची काळजी असते, हे मला कळतं. पण खोट्या गोष्टीची काळजी केली की खऱ्या गोष्टीसाठी जागा उरत नाही, आणि माझा सगळा राग तिथे आहे.

काकूंनी टाकलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. त्यात फोन कुठेच दिसत नाही. पेट्रोल सांडतं, गाडी सुरू होते आणि भडका उडतो. अशा वेळी घाबरून नोझल ओढून काढलं तर पेट्रोल सगळीकडे उडतं आणि एका गाडीची आग चार गाड्यांना लागते. ते टाकीतच राहू द्यायचं, लांब व्हायचं आणि आपत्कालीन बटण दाबायला ओरडून सांगायचं. ग्रुपमधल्या एकालाही हे माहीत नव्हतं. फोनवर फुली मारलेला बोर्ड मात्र सगळ्यांना पाठ.

बरं, ज्या सरकारला फोनची इतकी भीती वाटते, त्याच सरकारने नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये पंपांवर कार्ड आणि मोबाईल वॉलेटने पैसे देणाऱ्यांना ०.७५ टक्के सूट जाहीर केली. तेव्हापासून फोन पंपावर अधिकृतपणे आला. आज पंपावरच्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या हातात पैसे देताना फोन असतो. फोन खरंच घातक असेल तर हे क्यूआर कोडचं कार्ड आजच्या आज नोझलपासून लांब, केबिनजवळ न्यायला हवं. घातक नसेल तर बोर्ड उतरवा. दोन्ही एकाच खांबावर लावले की लोक फोनची फुली पाहायचं सोडतात आणि तिच्याबरोबर "इंजिन बंद करा" हेही पाहायचं सोडतात. भाच्यावर ओरडणाऱ्या त्या रांगेत किती गाड्यांची इंजिनं चालू होती, हे मी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही.

भावाने मग त्याचा ठेवणीतला मुद्दा काढला. "तुमच्या इथं तर स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायलाच बंदी आहे, आणि तू आम्हाला शिकवून राहिली." ते खरं आहे. इथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवरही मी काच खाली करून "रेग्युलर, फिल इट अप" एवढंच म्हणते. १९४९ पासून न्यू जर्सीत कायदा आहे, आणि ओरेगॉनने २०२३ मध्ये आपला नियम सैल केल्यापासून असं पूर्ण बंदीचं राज्य आमचं एकटंच उरलंय. त्यामागचा इतिहासही मला ठाऊक आहे. हॅकेनसॅकला रूट १७ वर एकाने स्वतः भरायचा स्वस्तातला पंप काढला, बाकीच्या पंपवाल्यांचं गिऱ्हाईक तुटलं, आणि त्यांनी विधिमंडळाकडून सुरक्षेच्या नावाखाली बंदी आणवली. म्हणजे इथेही सगळं विज्ञानावर चालत नाही. पण त्या कायद्यात कारणं लिहिलेली आहेत: आगीचा धोका, इंजिन बंद आहे आणि कोणी सिगारेट ओढत नाही हे पाहायला जबाबदार माणूस हवा. २००६ मध्ये गव्हर्नर कॉर्झाइन यांनी टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, स्वतः भरण्याचा प्रयोग सुचवला तर लोकांनी इतका गदारोळ केला की त्यांना तो सोडावा लागला. ही बंदी मला मनापासून आवडते. जानेवारीत बोचऱ्या वाऱ्यात उतरावं लागत नाही हे एक कारण आहेच, पण मी गाडीत बसून राहते, उतरत-चढत नाही, त्यामुळे अंगातली ठिणगी नोझलपर्यंत पोहोचतच नाही, हे दुसरं. पेनसिल्व्हेनियात गेले की स्वतः भरते, आणि तिथे आधी गाडीच्या पत्र्याला तळहात टेकवल्याशिवाय नोझलला हात लावत नाही. तिथल्या पंपांच्या स्टिकरवरही कुठे कुठे फोनवर फुली असते, पण त्याच्या शेजारी "भरताना गाडीत परत बसू नका", "कॅन जमिनीवर ठेवूनच भरा" हेही लिहिलेलं असतं. सक्करदऱ्याच्या पंपाचा भाच्याने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ही दोन वाक्यं त्यात नाहीत.

एका ठिकाणी भावाच्या म्हणण्यात वजन आहे आणि ते मला मान्य केलंच पाहिजे. अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये १९९८ पासून टप्प्याटप्प्याने भरताना निघणारी वाफ गाडीतच पकडून ठेवणारा डबा आला. टाकीचं तोंड मागे, माणूस पुढे, मधे सगळी गाडी. नागपुरात मोटरसायकलवाला टाकीवर बसलेला असतो. झाकण उघडून हातात, टाकी मांड्यांमध्ये, वाफ थेट छातीवर, आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात, वाकला की टाकीत पडेल असा. तिथे कोणी फोन काढू नये म्हटलं तर माझी ना नाही. फोन स्फोटक वाफेत वापरण्यासाठी तपासलेला नसतो, फोन बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या पुस्तिकेत अशा जागी बंद ठेवा म्हणतात. लक्ष उडतं हेही खरंच, बोलता बोलता टाकी भरून वाहते. पण मग नियम पूर्ण सांगा ना. इंजिन बंद, गाडीवरून खाली, मुलं खाली, मग झाकण. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल अजिबात नाही. घरातल्या घरात विचारलं तर बाटलीतून पेट्रोल आणलेलं नाही असं कोणी निघत नाही.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहिते, असं नवऱ्याने विचारलं. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे देते. माझी रात्र होते तेव्हा भावाची सकाळ असते. तो ऑफिसला निघतो, मी जेवून ओटा आवरते, तेवढाच आमच्या दोघांच्या दिवसाचा सांधा जुळतो. मी फोन करते आणि बरेचदा तो म्हणतो, "पंपावर आहे, ठेवतो." नंतर तो ऑफिसात पोहोचतो आणि मी झोपते. आईचे रिपोर्ट काय आले, घराच्या मागच्या भिंतीला ओल आहे तिचं काय झालं, हे त्या ठेवलेल्या फोनमध्ये राहून जातं. त्या घरात मी फोनमधूनच असते. फोन बंद म्हणजे मी नाही. भाऊ ज्या धोक्यासाठी माझा फोन ठेवून देतो तो धोका नाही, हे मला माझ्या कामामुळे पक्कं माहीत आहे, आणि ते कामच तो मोजत नाही. मी इथली झाले म्हणून तिथलं मला काही कळत नाही, असं जेव्हा तो म्हणतो तेव्हा पेट्रोलपेक्षा ते जास्त लागतं. सेमिनरी हिल्सच्या उतारावर सायकल शिकलेली मुलगी मी, माझ्या गावच्या पंपाबद्दल बोलायचा हक्क मी सोडलेला नाही.

ग्रुपमध्ये एका माणसाबद्दल कोणीच बोललं नाही, तो म्हणजे पेट्रोल भरणारा. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. बीएस-६ इंधनात त्याची मर्यादा एक टक्का आहे, तरी ते कर्करोगकारक आहे आणि पाळी संपेपर्यंत त्या माणसाचं नाक टाक्यांच्या तोंडाशी असतं. न्यू जर्सीचा कायदासुद्धा गिऱ्हाइकाने विषारी वाफ हुंगू नये, विशेषतः गरोदर बायकांनी, असं म्हणतो. दिवसभर तीच वाफ हुंगणाऱ्या कामगाराचं तो काही म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ती सक्करदऱ्याला आहे का, हे भावाने विचारून यावं अशी माझी इच्छा आहे. रांगेवर ओरडायचं काम त्या मुलाला दिलंय, मग कशावर ओरडायचं याचं प्रशिक्षणही त्याला द्या.

पंपांना परवाना देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सला. मी त्यांना पत्र लिहायला घेतलंय: बोर्डावर इंजिन सगळ्यात वर, मग गाडीवरून उतरणं, मग बाटली, मग नोझल टाकीत राहू देण्याची सूचना, आणि पैसे द्यायची जागा पेट्रोल भरायच्या मशीनपासून लांब. खाली भावाचीही सही हवी, कारण त्याचा पत्ता नागपूरचा आहे. मसुदा त्याला पाठवलाय. इंजिन आणि बाटली त्याला मान्य आहे, पण क्यूआर कोडचं वाक्य काढ म्हणतो, नाहीतर सकाळच्या रांगेत पैसे द्यायला आणखी दहा मिनिटं लागतील. ते वाक्य मी काढणार नाही.