"शहरात कोण उपाशी राहतं?" म्हणणाऱ्यांना उत्तर

हा मेसेज परत फिरतोय. थोडक्यात दावा असा की शहरात काम मिळतंच त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही, गरिबाला पैसे दिले की दारूत जातात, लोक आळशी होतात, आणि द्यायचंच असेल तर धान्य द्या.

पहिला मुद्दा सगळ्यात पोकळ. शहरात सगळं विकतच घ्यावं लागतं, खिशात पैसे नसले तर दुकानं भरलेली असून काय उपयोग? भाडं थकवलं तर घर जातं, लाइट बिल थकलं तर कनेक्शन कापतात, कामावर जायचं तर बसभाडं लागतंच, मग कात्री लागते जेवणाला. आधी दूध-फळं बंद, मग मोठी माणसं एक वेळ टाळतात, मुलांचं ताट शेवटपर्यंत सांभाळतात, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेतीची संस्था) भूक मोजताना 8 प्रश्न विचारते, पहिला "अन्न पुरेल का याची काळजी वाटली का", अख्खा दिवस न खाल्ल्याचा अगदी शेवटी. मेसेजवाल्यांना तो शेवटचाच माहीत दिसतोय.

दारू? वर्ल्ड बँकेच्या संशोधक इव्हान्स आणि पोपोवा यांनी गरिबांना रोख पैसे देण्यावरचे 19 अभ्यास तपासले, जवळपास सगळीकडे दारू-तंबाखूवरचा खर्च एकतर तेवढाच राहिला नाहीतर कमीच झाला.

आता आळशीपणा. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात 2019 पासून 125 जणांना दरमहा 500 डॉलर दिले, कसलीही अट नाही. वर्षभरात त्यांच्यातले फुलटाइम नोकरीवाले 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले, पैसे न मिळालेल्या गटात 32 वरून 37. (125 हा आकडा छोटा आहे, मान्य, पण सहा देशांतल्या रोख पैसे देणाऱ्या सात योजना तपासल्या तेव्हाही लोकांनी काम सोडल्याचं काही दिसलं नाही.)

धान्याच्या मुद्द्यात मात्र थोडा दम आहे. इक्वेडोरमधल्या शहरी वस्त्यांत 2011 मध्ये रोख, कूपन आणि अन्न तिन्ही देऊन बघितलं, फायदा तिन्हींनी झाला, कॅलरी अन्नाने जास्त वाढल्या, आहारातलं वैविध्य कूपनने, पण अन्न पोचवण्याचा खर्च सगळ्यात जास्त. महागाई झपाट्याने वाढत असेल आणि रोख रक्कम तेवढीच ठेवली तर तिची किंमत घटत जाते, तिथे धान्य बरं. पण ज्या घरात जेवण भाड्यापायी कमी झालंय तिथे पोतं दिलं तरी घरमालक भाडं रोखच मागणार.