पोपोल वूह पाद्र्याने ‘रचलं’? एका प्रतिक्रियेला उत्तर

पोपोल वूह या ग्वाटेमालातल्या कीचे माया लोकांच्या कथाग्रंथात हुनाहपू आणि श्बालांके हे जुळे वीर येतात. त्यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिथेच चार ओळींत उत्तर देणार होते, पण जमेना.

प्रतिक्रिया थोडक्यात अशी: पोपोल वूह १७०१ च्या सुमाराला एका स्पॅनिश पाद्र्याने रचलं आणि त्यातली कुमारी माता बायबलमधून उचलली. मेक्सिकोतल्या युकातानचा पर्जन्यदेव चाक आणि ग्वाटेमालातल्या कीचे मायांच्या कथा मी एकाच पातेल्यात ढवळल्या. कुकुल्कान या पिसांच्या नागदेवाच्या नावाचा उच्चार चुकला. आणि शेवटी, ‘गृहिणींनी फावल्या वेळात लिहिलेल्याला संशोधन म्हणू नये.’

मी संशोधन म्हटलंच कुठे? मुद्दा खोडायचा तर जरूर खोडा, पण माझ्या घरात मी काय करते याचा श्बालांकेशी काय संबंध? अकरा वर्षं हा विषय धरून बसले आहे. मुलं झोपली की रात्री बाराबारापर्यंत स्पॅनिश शिकले. तो फावला वेळ नव्हता, साहेब.

एक चूक कबूल. चाकच्या चित्राखाली मी त्लालोक लिहिलं होतं. त्लालोक अझ्टेकांचा. दुरुस्त केलंय.

आता पाद्री. फ्रान्सिस्को शिमेनेस या स्पॅनिश पाद्र्याने ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगोला असताना ही पोथी उतरवून घेतली. पानावर दोन रकाने आहेत, एकात कीचे मजकूर, दुसऱ्यात त्याने केलेलं स्पॅनिश भाषांतर. स्वतः रचणारा माणूस आधी दुसऱ्याच्या भाषेत लिहून मग शेजारी भाषांतर करत बसेल का? कीचे लोकांनी ती त्याच्या दीडशे वर्षं आधी, रोमन अक्षरं शिकून लिहिली होती.

‘कुमारी माता’ म्हणजे श्कीक, त्या जुळ्यांची आई. झाडाला टांगलेली हुन हुनाहपूची, म्हणजे जुळ्यांच्या बापाची, कवटी तिच्या तळहातावर थुंकते आणि तिला दिवस जातात. पुढचं वाचलंत का? श्कीकचा बाप शिबाल्बाचा, म्हणजे पाताळाचा, सरदार. तो घुबडांना तिचं काळीज आणायला सांगतो. ती झाडाचा लाल चीक गोठवून काळीज म्हणून पाठवते आणि वर, पृथ्वीवर, सासूच्या दारी येते. सासू म्हणते, सून असशील तर जाळंभर मका आण. शेतात मक्याचं एकच ताट. श्कीक कणसाच्या टोकाचे केस ओढते आणि जाळं भरतं.

माझं माहेर धुळ्याकडचं. मका सोंगायला मी शाळेत असल्यापासून जाते. ते केस सोलताना बोटांना कसे चिकटतात, ते वाळल्याशिवाय कणसाला हात लावायचा नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ही कथा मका पिकवणाऱ्या घरातली आहे. पाद्र्याच्या मठातली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

तेही पुरत नसेल तर सान बार्तोलो बघा. ग्वाटेमालाच्या पेतेन जंगलात २००१ मध्ये सापडलेली, इसवी सनापूर्वी १०० च्या सुमाराची भित्तिचित्रं. मक्याचा देव आहे, झाडावर भलामोठा पक्षी आहे, झाडापुढे स्वतःचं रक्त वाहणारा तरुण आहे. मेक्सिकोत इझापाला त्याच्याही आसपासच्या काळातला शिलास्तंभ आहे: वर पक्षी, खाली एक हात तुटलेला माणूस. पोपोल वूहमध्ये वुकुब काकीश हा गर्विष्ठ पक्षी हुनाहपूचा हात असाच उपटून नेतो. त्या वेळी येशूचा जन्मही झालेला नव्हता. नक्कल कुणी कुणाची केली?

१२ जुलै १५६२ ला युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. जे वाचलं, तेही पाद्र्यांच्याच नावावर करायचं?

चाक आणि कीचेचं म्हणाल तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आता त्यात शिरत नाही. कुकुल्कान मी लिहिलंय तसंच राहील.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘गृहिणी’ शब्दासकट तिथेच आहे.