बीटाचा रस प्या हवा तर, पण गोळ्या बंद करू नका

‘थकवा हा आजार नाही, शरीरात साचलेलं विष आहे’ असं सुरू होणारा मेसेज एव्हाना तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. वर हात जोडलेले, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’. मधे कृती अशी: सात दिवस रोज सकाळी उपाशीपोटी दोन बीटांचा रस, त्यात गुळाचा खडा आणि अर्धं लिंबू. या सात दिवसांत थायरॉइड, बीपी, शुगर, लोह, कसलीच गोळी घ्यायची नाही, कारण ‘केमिकल विषाला धरून ठेवतं’. तिसऱ्या दिवसापासून लघवी लाल आणि शौचाला काळं होईल, तेच विष. सातव्या दिवशी हिमोग्लोबिन ७ वरून १२. रक्ताच्या तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांची लूट. शिवाय लोखंडी कढई वापरा आणि रात्री दहाला झोपा.

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा आत्याने टाकला आणि खाली लिहिलं, ‘उद्यापासून सुरू’. आत्याला थायरॉइडची गोळी आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी गोळ्यांचंच बघू, कारण बाकी मूर्खपणा स्वस्तात निभावतो, हा निभावत नाही. थायरॉइडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन. ते शरीरात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. म्हणजे गोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, आणि फसगत होते ती इथेच. सातव्या दिवशी माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय छान चाललंय’, आणि पुढेही घेत नाही. मग काही आठवड्यांनी चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागतो, पोट साफ होत नाही, पंखा दोनवर असतानाही गारठायला होतं, आणि जो थकवा घालवायला हे सगळं केलं तो दुपटीने परत येतो. तोवर रसाची गोष्ट कुणाच्या लक्षातही नसते. दोष जातो वयाला.

बीपीच्या गोळ्यांचं याच्या उलट. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीची गोळी एकदम सोडली तर काही दिवसांतच नाडी आणि बीपी उसळू शकतं. हृदयाचं दुखणं असलेल्याला छातीत कळ येऊ शकते, झटकाही येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती. इन्सुलिनवाल्याने इन्सुलिन बंद करून गूळ घातलेला रस प्यायचा, यावर तर मी काय लिहू?

एक मात्र कबूल करायला हवं. काही गोळ्यांनी थकवा येतो हे खरं आहे. हीच मेटोप्रोलॉल-अ‍ॅटेनोलॉल मंडळी, सर्दी-खाजेवरची सेटिरिझिन, झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना ‘ही सुरू केल्यापासून गळून जातोय’ असं सांगून डोस किंवा गोळी बदलून घेणं. टप्प्याटप्प्याने.

आता ७ वरून १२. हा दावा करणाऱ्याने कागद-पेन घेतलं असतं तरी पुरलं असतं. मोठ्या बाईच्या अंगात अंदाजे ४ लिटर रक्त असतं, म्हणजे ४० डेसिलिटर. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ५ ग्रॅमने वाढवायचं तर एकूण २०० ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने बनायला हवं. एका ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलीग्रॅम लोह लागतं. म्हणजे ६८० मिलीग्रॅम. दोन बीटांच्या ग्लासभर रसात लोह किती? दीड-दोन मिलीग्रॅम. गुळाच्या खड्याचं अर्धा-एक मिलीग्रॅम धरा. त्यातलंही भाजी-धान्यातलं लोह अंगी लागतं ते दहा टक्क्यांच्या आसपास. मी उदार होऊन सगळंच्या सगळं अंगी लागतं असं मानते, ग्लासमागे तीन मिलीग्रॅम. तरी सव्वादोनशे ग्लास झाले. सात नव्हेत. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, या न्यायाने जांभळं खाऊन माणूस जांभळा व्हायला हवा.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका लोहाच्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. गोळीने पोट बिघडतं, मळमळतं, तोंडाला गंजलेली चव येते, हे खरं. मग एक दिवसाआड घ्या, जेवणानंतर घ्या, पण चहाबरोबर घेऊ नका. चहा तासभर आधी किंवा नंतर. गोळीवर लिंबूपाणी चालेल (मेसेजमधलं अर्धं लिंबू तेवढं कामाचं). कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेत असाल तर लोह किंवा कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी बंद करतात, तिथेही चुकतं. रक्त भरलं तरी शरीरातलं लोहाचं कोठार रिकामंच असतं, ते भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात.

लाल लघवी आणि काळं शौच हा या मेसेजमधला सगळ्यात अजब भाग. बीटातला रंग काही लोकांच्या पोटात पूर्ण मोडत नाही, तो तसाच बाहेर येतो. बस. गंमत म्हणजे ज्यांच्यात लोह कमी आहे त्यांच्यात हा प्रकार जास्त दिसतो. म्हणजे ज्याला ‘विष निघतंय’ म्हणून आनंद झाला, त्याने खरं तर फेरिटिन (लोहाचं कोठार किती भरलंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्यायला हवं होतं. काळ्याची गोष्ट मात्र गमतीची नाही. लोहाच्या गोळीने शौचाला काळपट हिरवट होतं, ते निरुपद्रवी. पण इथे तर गोळी बंद आहे. डांबरासारखं काळं, चिकट, भयंकर वास येणारं शौच म्हणजे जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव होत असण्याची खूण. गुडघेदुखीवर रोज पेनकिलर किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अशा माणसाला ‘तिसऱ्या दिवशी काळं होईल, घाबरू नका’ असं सांगून ठेवणं म्हणजे त्याला दवाखान्यापासून लांब ठेवणं.

मुळात विष साचतं कुणात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. देशातल्या त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. एकच घर, एकच स्वयंपाक, तीच हवा, तेच पाणी. हे कसलं विष, जे नवऱ्याला सोडून बायकोला धरतं? बरं, रक्तक्षयासाठी हिमोग्लोबिनची रेषा बायकांना १२ ला आणि पुरुषांना १३ ला, म्हणजे मोजमापात झुकतं माप असलंच तर ते पुरुषांच्या विरुद्ध आहे. बोटाच्या थेंबावर मोजल्यामुळे आकडे थोडे फुगले असतील अशी टीका झाली आहे, ती धरली तरी दुपटीचा फरक पुसला जात नाही. कारण साधं आहे. एक मिलीलिटर रक्तात साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतं. नेहमीच्या पाळीत ३०-४० मिलीलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलीग्रॅम लोह. पाळी सात दिवसांवर लांबत असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर याच्या कितीतरी पट. त्यावर घरात सगळ्यांनी जेवून झाल्यावर उरलेल्यावर भागवायचं आणि जेवणानंतर लगेच चहा. याला विष म्हणायचं तर म्हणा.

खुणाही अंगावरच असतात. दादरच्या पुलाचा जो जिना गेल्या वर्षी बोलत चढत होता, तिथे आता मधेच कठडा धरावा लागतो. खालची पापणी ओढून पाहिली तर आत गुलाबीऐवजी पांढुरकं. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, बर्फ खावासा वाटणं. याला घरात ‘वाईट सवय’ म्हणून हसतात, ती बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर थांबायचं नाही. रक्त जातंय कुठून, हे शोधायचं: मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कॅन्सर.

तपासण्यांची लूट? अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. ‘फुल बॉडी, ८० टेस्ट’ची पॅकेजं बहुतांशी भरताड असतात. दोन-चार आठवडे हटत नसलेल्या थकव्याला सुरुवातीला पुरतं ते एवढं: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी१२ जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एसजीपीटी (यकृत), ईएसआर (अंगातली सूज). यातल्या बऱ्याचशा महापालिकेच्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात होतात. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं, आणि ३० च्या खालीही बरेच डॉक्टर कमीच धरतात, मग हिमोग्लोबिन १२.४ का असेना. पण डेंग्यू किंवा कुठल्याही तापातून नुकतेच उठला असाल तर फेरिटिन करू नका, तापात ते खोटं वाढलेलं येतं. अशा तापानंतरचा थकवा काही आठवडे राहतो, त्याला वेळ द्यावा लागतो. सीबीसीत पेशी बारीक आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल तर थॅलेसेमिया मायनरचा (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) विचार करा, उगाच लोह गिळू नका. शुगरची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी आणि पक्क्या शाकाहाऱ्यांनी बी१२ची तपासणी सोडू नये. पायाला मुंग्या, जीभ लाल-गुळगुळीत, अंधारात तोल जाणं या बी१२ कमी असल्याच्या खुणा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी आठवड्याची असते, रोजची नव्हे.

दहाला झोपा. उत्तम. नऊ-पन्नासला बदलापूरला उतरून, डबे घासून, पहाटे पाचला पाणी भरायला उठणाऱ्या बाईला हे जरूर सांगा. पाच तास झोपणाऱ्याला आधी झोपच कमी पडते. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, रात्री घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल तर झोपेतला श्वास तपासावा. कढईचं खरं आहे, विशेषतः आमटी-चिंचेचं आंबट शिजवलं तर.

मुंबईत आणखी एक विसरू नये. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, उतरत जाणारं वजन, यातलं काही असेल तर टीबीची तपासणी आधी. ती आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत असतात, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये. मानेत गाठ असेल तर खोकल्याची वाट बघू नका. आणि ज्याला कशातच रस वाटेनासा झालाय, त्याचा थकवा मनाचाही असू शकतो. त्यालाही औषध आहे.

श्रम न करता धाप, छातीत-जबड्यात-डाव्या हातात दडपण, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखं शौच: यात उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ. बायकांमध्ये हार्ट अटॅकच्या वेळी छातीतली कळ नसून नुसतं विचित्र गळून जाणंही असू शकतं.

ज्यांनी आधीच सुरू केलंय त्यांच्यासाठी: थायरॉइडच्या चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. उद्या पहाटे नेहमीची एकच, साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच. बीपीची, हृदयाची किंवा शुगरची थांबवली असेल तर आजच डॉक्टरांना फोन. फ्रीजमधलं उरलेलं बीट थालीपिठात किसून घाला, रंग छान येतो.