काम उरकलं, तरी गाडी हळूच का?

चाळीसगाव-पाचोऱ्याकडून जळगावला रोज नोकरीला येणाऱ्यांचा ठरलेला राग: "रुळाचं काम तर कालच झालं, मग आज गाडी रांगते कशाला?" राग रास्त आहे, पत्ता चुकलाय.

रुळाखालचे आडवे स्लीपर जागच्या जागी धरतात ते एकमेकांत घट्ट बसलेले खडीचे दगड. खडी उपसून चाळली की ती पकड जाते. म्हणून चाळणीनंतर ताशी 20 किमीने सुरुवात, मग प्रत्येक टॅम्पिंगनंतर (मशीनने स्लीपरखाली खडी ठासणं) थोडी वाढ. नुसतं टॅम्पिंग असेल आणि मागून खडी हलवून बसवणारं स्टॅबिलायझर मशीन फिरलं नसेल, तर सिमेंट स्लीपरवर 50,000 टन वाहतूक किंवा दोन दिवस, जे उशिरा होईल ते झाल्यावरच खडी पुन्हा घट्ट बसली असं धरतात. 50,000 टन म्हणजे भरलेल्या दहाएक मालगाड्या.

त्यात आपला उन्हाळा. भुसावळात पारा 45 ला टेकला की रूळ 60 च्या पुढे तापतो. लांब वेल्डेड रुळाला मधल्या भागात पसरायला जागाच नसते. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे 1.9 टन दाब चढतो. ज्या तापमानाला रूळ ताण काढून बसवला, त्याहून 20 अंश वर गेलं की एकेका रुळात 38 टन! तिथूनच उन्हाळी गस्त सुरू होते. खडी सैल असेल तर हा दाब रुळाला आडवा ढकलतो आणि रूळ सापासारखा वळतो.

एक किलोमीटरच्या कॉशनला, म्हणजे वेगमर्यादेच्या पट्ट्याला, एवढा वेळ का जातो? वेग वाढवायची टी/पी पाटी सर्वांत लांब प्रवासी गाडीच्या मापाने पुढे रोवलेली असते. 24 डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून छोट्या मेमूलाही तेवढं रांगावंच लागतं. ताशी 30 ने दीड किलोमीटर म्हणजे तीन मिनिटं, शिवाय ब्रेक लावणं आणि पुन्हा वेग धरणं वेगळंच.

खरी तक्रार ब्लॉकची करा, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून मिळणाऱ्या वेळेची. तासाभराच्या ब्लॉकमध्ये खडी चाळायचं मशीन स्टेशनवरून जागेवर न्यायचं, वीज बंद करून अर्थिंग लावायचं, खडी उपसणाऱ्या साखळीचा कटर-बार स्लीपरखाली सरकवून साखळी जोडायची, आणि शेवटी हे सगळं उलट्या क्रमाने. खडी चाळायला उरतं काय? मग चार दिवसांचं काम पंधरा दिवस लांबतं आणि कॉशनही तितकेच दिवस टिकतं.

सलग तीन-चार तासांचे ब्लॉक द्या, तेही शक्यतो होळीच्या आत. त्या दिवशी मेमू रद्द झाली की बोंब मारणारेही आपणच असतो म्हणा! निदान कॉशन कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं तरी स्टेशनच्या फळ्यावर लिहा.