पानी गळून रायलं जी!

उन्हाळ्यात सिग्नलला गाडी थांबली की कोणीतरी स्कूटरवाला काचेवर टकटक करायचा आणि काळजीनं सांगायचा, "भाऊ, तुमच्या गाडीतून पानी गळून रायलं जी!" नागपूरचा माणूस स्वतः ४५ अंशांत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून उभा असतो, पण दुसऱ्याच्या गाडीचं पाणी वाया जाताना त्याला बघवत नाही. मी काच खाली करून सांगायचो, "एसीचं पाणी आहे, गळायलाच पाहिजे." तो "हो का?" म्हणायचा, पण याला गाडीतलं काही कळत नाही हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचं. बाकी चेहरा दुपट्ट्यातच असायचा.

यंदा एप्रिलमध्ये हे सांगणारे एकदम बंद झाले. मला वाटलं, नागपूर सुधारलं. दोनेक आठवड्यांनी बायको म्हणाली, "अहो, गाडीत बसलं की माझी चप्पल ओली का होते?"

"बाटली सांडली असेल."

"रोज?"

पायाखालचं रबरी मॅट उचललं तर खाली तळं. त्याखालच्या गालिच्याला भिजलेल्या गोणपाटाचा वास येत होता, आणि एका कोपऱ्यात गव्हाचा एक दाणा चक्क उगवला होता. दळणाच्या डब्यातून पडला असावा. सोळा वर्षांत या गाडीनं दिलेलं हे पहिलंच उत्पन्न.

गाडी २००९ ची आहे. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून, आरटीओत हजर करून पाच वर्षांची मुदत वाढवून आणली. तिथे ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला. एसीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. त्यानं ते मनाला लावून घेतलं असावं, असा माझा अंदाज आहे.

तोवर एसीचा आणि माझा संबंध वर्षातून एकदा यायचा. एप्रिल लागला की रस्त्याकडेच्या एका गॅसवाल्यापुढे गाडी लावायची. तो बॉनेट उघडायचा, लाल आणि निळी नळी जोडायचा, दोन घड्याळांकडे पाहून मान हलवायचा आणि म्हणायचा, "गॅस संपला." १२०० रुपये, पंधरा मिनिटं, मध्ये एक चहा. मला यात कधीच काही खटकलं नाही. घरचा सिलिंडर संपतो, पेट्रोल संपतं, पगार संपतो. एसीचा गॅस तेवढा अमरपट्टा घेऊन आलाय का? पहिल्या वर्षी भरलेला गॅस दिवाळीपर्यंत पुरला. दुसऱ्या वर्षी पोळ्यापर्यंत. यंदा १८ एप्रिलला भरला आणि ६ मेला संविधान चौकात उभा असताना समोरच्या जाळीतून जी हवा तोंडावर आली, ती मी यापूर्वी फक्त लग्नाच्या आचाऱ्याजवळ अनुभवली होती.

म्हणजे आता दोन गळत्या झाल्या. पाणी बाहेर गळायला हवं होतं, ते आत गळत होतं. गॅस आत राहायला हवा होता, तो बाहेर जात होता. आणि २५ मेला अमरावतीला साळीच्या मुलीचं लग्न. २५ मे म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागण्याचा दिवस. लोक वर्षभर गुरुजींकडे खेपा घालून मुहूर्त काढतात आणि नेमका हा काढतात.

गाडीनं जायचं हे ठरलेलं होतं, कारण आहेराची भांडी होती. घरात उपायांची बैठक बसली. बाबांनी खिशात कांदा ठेवायला सांगितलं. कांद्यानं ऊन बाधत नाही, असं त्यांचं म्हणणं. खबरदारी म्हणून त्यांनी स्वतःच गाडीच्या कप्प्यात चार कांदे ठेवले. ते तिथे विसरले गेले आणि आठ दिवसांनी गाडीला भज्यांच्या गाड्याचा वास येऊ लागला. मुलानं कूलरच्या दुकानातून वाळा आणला, भिजवून जाळीसमोर बांधला आणि पंखा चारवर टाकला. पाच मिनिटं खरोखर स्वर्ग होता. मग वाळा सुकला आणि त्याच्या काड्या गाडीभर उडू लागल्या. एक अजून मागच्या सीटमध्ये आहे, बसणाऱ्याला सापडते.

शेवटी ऑफिसातल्या एकानं सक्करदऱ्याकडच्या एका उस्तादांचा पत्ता दिला. "महाग आहे, पण खोटं बोलत नाही," असं म्हणाला. खोटं न बोलणारा कारागीर किती महाग पडतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

उस्ताद स्टुलावर बसून पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"गॅस संपला. भरून द्या."

घोटणं थांबलं. "गॅस संपत नसते, साहेब. गॅस काय पेट्रोल आहे का, जळाले? तेच गॅस फिरते. सोळा वर्षं फिरली असती. संपली नाही, गेली."

"कुठे गेली?"

"तेच तं पाहाचं आहे."

मी तिथेच टायरवर बसलो. दर वर्षी १२०० रुपये देऊन मी एका भोक पडलेल्या माठात पाणी भरत होतो, आणि भरणारा दर वर्षी मला "संपलं" म्हणून सांगत होता. माठ बघू, असं त्यालाही कधी वाटलं नाही, मलाही नाही.

मग उस्तादांनी एसीचं शास्त्र सांगितलं, ते इतकं सोपं होतं की बारावीला भौतिकशास्त्रात मिळालेल्या गुणांची लाज वाटली. आर-१३४ए नावाचा हा गॅस, त्याचा द्रव मोकळ्या हवेत उणे २६ अंशांलाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याला मोकळं सोडलं की उकळताना आपल्या केबिनमधली उष्णता ओढून घेतो. म्हणजे आपण ज्याला गारवा म्हणतो ते कोणाचं तरी उकळणं असतं. (घरात हे तत्त्व मी बरीच वर्षं पाहतोय.)

आणि दाब? टायरमध्ये आपण ३० पौंड हवा भरतो. या नळ्यांत, गाडी बंद करून मे महिन्याच्या उन्हात नुसती उभी असली तरी, १५० पौंडांच्या आसपास दाब असतो. जितकं ऊन जास्त तितका दाब जास्त, आणि जितका दाब जास्त तितकी गळती जोरात. म्हणजे ज्या दिवशी गॅसची सर्वांत जास्त गरज, त्या दिवशी तो सर्वांत वेगानं पळणार. असे नातेवाईक आपल्या सगळ्यांनाच आहेत.

शोध सुरू झाला. उस्तादांनी नळ्यांत नायट्रोजन भरला. त्यांच्या पोऱ्यानं मगात साबणाचा फेस केला आणि दाढीच्या ब्रशनं एकेका जोडाला लावत सुटला. फेस हलला तर गळती. मी वाकून पाहत होतो. कॉम्प्रेसरजवळ काही नाही. कंडेन्सर, काही नाही. नळ्यांचे जोड, काही नाही. मला वाटू लागलं, गाडी निरोगी आहे, आपणच वहमी. तेवढ्यात पोऱ्या गाडीखाली गेला आणि कॉइलचं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत त्यानं तार घातली. आतून आधी चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ आला, मग दीड-दोन लिटर पाणी भळभळलं. त्यानं नळीच्या तोंडाला फेस लावला. सगळे गप्प. आणि त्या तोंडावर एक बुडबुडा हळूहळू फुगला. जत्रेत पोरं फुगवतात तसा. फुटला. दुसरा आला.

"कॉइल," उस्ताद म्हणाले आणि पुन्हा खर्रा घोटू लागले. "डॅशबोर्ड खोलाव लागन."

"पूर्ण?"

"अर्धा कसा खोलन?"

ज्यानं आपल्या गाडीचा डॅशबोर्ड खोललेला पाहिलेला नाही, त्यानं तो पाहू नये. स्टिअरिंग सीटवर निजलं होतं. रेडिओ तारांना लोंबत होता. डॅशबोर्डवरचा चिकटवलेला गणपती पोऱ्यानं आदबीनं काढून पाना-पेचकसांच्या पेटीवर ठेवला, आणि दिवसभर त्याच्यापुढे स्क्रूंचा नैवेद्य वाढत गेला. पोकळीतून निघालेला ऐवज असा: टोल नाक्याची एक पुसट पावती, पंचवीस पैशांचं नाणं, मुलाचं तिसरीतलं खोडरबर, आणि बायकोची एक कुडी. ती हरवली तेव्हा आमच्याकडच्या तत्कालीन मोलकरणीबद्दल जे बोललं गेलं होतं, ते आठवून मी कुडी मुकाट्यानं खिशात घातली. ती बायकोला कशी द्यावी याचा विचार अजून चालू आहे.

मग कॉइल बाहेर आली. ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांची ती वस्तू दिसतच नव्हती. तिच्यावर धुळीचा बोटभर नमदा बसला होता आणि त्यात कडुनिंबाच्या पानांचे सांगाडे अडकले होते. या मॉडेलमध्ये केबिनच्या हवेला फिल्टरच दिलेला नव्हता. सोळा वर्षं कॉइल हाच फिल्टर. आणि गाडी उभी असते आमच्या दारातल्या निंबाखाली, जो मी स्वतः एका पर्यावरण दिनाला मोठ्या समारंभानं लावला होता. पानं काचेखालच्या जाळीतून आत गेली, कॉइलच्या दहिवरानं कुजली. त्या ओल्या चिखलानं ॲल्युमिनियम खाऊन सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. उरलेला चिखल वाहत जाऊन पाण्याच्या नळीत बसला. दोन्ही गळत्या एकाच आईच्या.

पर्यावरणाचं निघालंच आहे तर हेही सांगून टाकतो. हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तरबेज आहे. तीन वर्षांत साडेचारशे ग्रॅमच्या तीन खेपा मी नागपूरच्या आकाशाला अर्पण केल्या. हिशेब केला तर जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं काम. ऊन फार वाढलंय म्हणून पारावर तक्रार करणाऱ्यांत मी आघाडीवर असतो.

नवी कॉइल आणायला मीच गेलो. दुकानदारानं विचारलं, "ओरिजिनल पाहिजे, ओरिजिनलसारखी पाहिजे, की चालते तशी पाहिजे?" भावांत प्रत्येकी हजाराचं अंतर होतं. उस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, "चालते तशी तीन उन्हाळे चालते." मी ओरिजिनल घेतली आणि परतताना चालते तशीचा विचार करत राहिलो. सोबत गॅसमधली ओल टिपणारा नवा ड्रायर घ्यावा लागला, कारण नळ्या उघड्या राहिल्या की जुना ड्रायर हवेतली ओल पिऊन बसतो. सगळ्या जोडांच्या नव्या रबरी रिंगा घेतल्या. एक रिंग, साबुदाण्याच्या वड्यात हरवेल एवढी, पण तिच्यापायी माणूस १२०० रुपयांना लागतो.

सगळं बसल्यावर व्हॅक्यूमचा पंप लावला. पाऊण तास आतली हवा उपसायची, म्हणजे उरलेली ओल तिथल्या तिथे उकळून निघून जाते. मग पंप बंद आणि अर्धा तास काटा पाहायचा. काटा वर सरकला तर अजून कुठेतरी भोक आहे. तो अर्धा तास मी, उस्ताद, पोऱ्या आणि शेजारचा पंक्चरवाला असे चौघं त्या घड्याळासमोर निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर बसावं तसे बसलो होतो. मध्येच पंक्चरवाला म्हणाला, "हालला." उस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तोच हालला.

काटा जागचा हलला नाही. गॅस वजनकाट्यावर मोजून घातला, ४५० ग्रॅम. संत्रा बर्फी अर्धा किलो घेताना मी काट्यावर डोळा ठेवून असतो; हा न दिसणारा, न वास येणारा माल मात्र मी फक्त आकडा बघून घेतला. इंजिन सुरू केलं. जाळीपुढे हात धरला. आधी गरम, मग कोमट, आणि मग... उस्तादांनी जाळीत थर्मामीटर खोचला. बाहेर ४४, आत ८. पोऱ्यानं कपाळाचा घाम पुसून आत डोकं घातलं आणि पाच मिनिटं काढलंच नाही.

बिल झालं ९४०० रुपये. सोबत एका खर्र्याच्या पन्नीत बांधून चार स्क्रू मिळाले.

"हे कुठले?"

"उरले," उस्ताद म्हणाले. "राहू द्या गाडीत. कामी येते." तेव्हापासून खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला कोणीतरी सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो. मी गाणी लावतो.

२५ मेला सकाळीच निघालो. कोंढाळी मागे पडेतो बायकोनं पंखा तीनवरून एकवर आणला होता, तळेगावला पदर डोक्यावर घेतला आणि तिवशाच्या पुढे म्हणाली, "जरा बंद करता का? अंग आंबलं." मी बंद केला नाही. ९४०० रुपयांत मला निदान मोझरीपर्यंत थंडी वाजवून घ्यायची होती.

लग्न दणक्यात लागलं. निघताना आहेराच्या भांड्यांच्या जागी लाडूंचे डबे आले. मी गाडी सुरू करून एसी लावून ठेवला आणि बायको मावशीचा निरोप घ्यायला उतरली. मावशीचा निरोप म्हणजे पाऊण तास. मध्ये दोनदा ओटी, एकदा रडणं. मी आत निवांत होतो. तेवढ्यात मंडपातल्या एका पोरानं काचेवर टकटक केली. काच खाली केली.

"काका, गाडीतून पानी गळून रायलं."

"किती?"

तो जरा चक्रावला. वाकून खाली बघत म्हणाला, "लय आहे. अन् एक कुत्रं येऊन झोपलं त्याच्यात."

मी उतरून पाहिलं. बरोबर नळीखाली, ओल्या मातीत पोट टेकवून, चारी पाय पसरून एक लाल कुत्रं डोळे मिटून पडलं होतं. थेंब त्याच्या पाठीवर पडत होते. एवढ्यात बायको आली, डबे मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "चला ना, आता कशाला थांबलात?"

मी म्हटलं, "मावशीला एकदा नीट भेटून ये."